विद्येच्या गांवांतलें देऊळ आणि उपाशी लोक

देवळांत पडलेला पैसा शेवटीं कोणाच्या पोटांत जातो, हा प्रश्न आमच्या वाचकांनीं आपल्या गांवांत पुष्कळ वेळां विचारला आहे. आज तोच प्रश्न आम्ही इंग्लंडांतील ऑक्सफर्ड येथील एका देवळाला विचारून पाहणार आहों. ऑक्सफर्ड म्हणजे कॉलेजांचें गांव. तेथें भर हमरस्त्यावर सेंट मेरी नांवाचें इंग्लंडच्या राजधर्माचें, म्हणजे अँग्लिकन पंथाचें, जुनें देऊळ आहे. तें विद्यापीठाचें देऊळ, आणि आसपासच्या वस्तीचेंहि.

विद्यापीठाच्या सभा पूर्वीं तेथेंच भरत. देवळाच्या कुशीला सुमारें सन १३२० च्या वेळची एक इमारत आहे. तिच्या माडीवर विद्यापीठाचा पहिला ग्रंथसंग्रह होता. विद्या आणि धर्म अशीं एका छपराखालीं नांदूं लागलीं म्हणजे काय होतें, तें आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंना फोड करून सांगावयास नको. राजधर्माचीं ३९ कलमें मान्य असल्याची सही केल्यावांचून ऑक्सफर्डांत नांव दाखल होत नसे. क्वेकर, बाप्टिस्ट, कॅथलिक, ज्यू, पोरगा कितीहि हुशार असो, दार बंद! ही अट सन १८५४ त पहिल्या पदवीपुरती सुटली, आणि सन १८७१ च्या कायद्यानें बहुतेक उठली. अडविणारे सोवळ्यांतले नव्हते, काळ्या झग्यांतले होते, एवढाच फरक.

आतां दुसरी बाजू. सन १९४१ त जर्मनी व त्याच्या साथीदारांनीं ग्रीस देश व्यापला. शत्रूच्या हातीं रसद लागूं नये म्हणून इंग्रज आरमारानें समुद्र अडविला, आणि अथेन्स शहरांत माणसें रस्त्यावर उपासानें मरूं लागलीं. लोकांना जगविणें हें जिंकणाराचें काम, असें इंग्रज सरकार म्हणे. पुढें धान्याचीं कांहीं जहाजें सोडलीं, पण तेवढ्यानें भागेना. तेव्हां ता. ५ ऑक्टोबर १९४२ रोजीं सेंट मेरीच्या त्याच माडीवर कांहीं मंडळी जमली व एक समिति निघाली. पुढाकार देवळाचे मुख्य उपाध्याय मिलफर्ड यांचा. हे पूर्वीं आग्र्याच्या कॉलेजांत शिकवीत असत. या कामांत त्यांच्या जोडीला डॉक्टर गिलेट हे क्वेकर, आणि ग्रीक भाषेचे पंडित गिल्बर्ट मरे, जे चर्चचे अनुयायी नव्हते. डॉक्टरांच्या क्वेकर वाडवडिलांना ज्या गांवांत पदवी मिळाली नसती, तेथें देवळानें आपली खोली त्यांना उघडून दिली. आणि तीहि लढाईच्या ऐन भरांत, आपल्याच सरकारला ‘अन्न जाऊं द्या’ म्हणून सांगण्यासाठीं.

पंडितांच्या या मेळ्यांत मानद चिटणीस झाले ते सेसिल जॅक्सन-कोल. हे व्यापारी गृहस्थ. तेराव्या वर्षींच यांची शाळा सुटली होती. आम्हांस हा मनुष्य सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भूतदयेवर व्याख्यान देणें पंडितांना येतें. पण जुन्या पांघरुणाचे पैसे कसे करावे, हें बाजारांत वाढलेल्यालाच कळतें. लोकांकडून जुने कपडे, जोडे, पांघरुणें मागवावीं. पाठविण्याजोगें असेल तें परदेशीं पाठवावें, बाकीचें विकून पैसा करावा. युद्धानंतर ब्रॉड स्ट्रीटवर याच कामासाठीं कायमचें दुकान निघालें. ज्या घरांत रोकड नाहीं त्या घरालाहि दानांत वांटा मिळाला. ही समिति पुढें ऑक्सफॅम या नांवानें जगभर गेली. मोठेपणाबरोबर दोषहि शिरले. हैतींतील तिच्या कांहीं नोकरांचें लाजिरवाणें वर्तन सन २०१८ त उघड झालें.

पण हिशेब पुरा मांडला पाहिजे. सन १९४३ त, ऑक्सफर्डांत ग्रीससाठीं वर्गणी गोळा होत असतां, बंगाल्यांत वीस ते तीस लाख माणसें अन्नावांचून व रोगराईनें मेलीं. बंगाल कांहीं शत्रूच्या हातीं नव्हता. तेथें राज्य इंग्रजांचेंच होतें. ज्या सरकारपाशीं ग्रीससाठीं विनवण्या चालल्या होत्या, त्याच सरकारनें हिंदुस्थानांत धान्य आणावयास पुरेशीं जहाजें दिलीं नाहींत. या समितीची मदत आपल्या देशांतील दुष्काळाला पोंचली ती सन १९५१ त, बिहारांत. ग्रीक विद्या शिकविणाऱ्या गांवाला ग्रीसची भूक आधीं ऐकूं आली, यांत नवल नाहीं. संस्कृताची गादी तर तेथें सन १८३२ पासून आहे. पण त्या पोथ्यांत बंगालचा कुळवाडी कोठें सांपडणार?