सिलिंडरच्या भिंतींना आधार

मोटारगाडीची शक्ती वाढविण्याचा नाद एकदा लागला, की मनुष्य प्रथम हवेकडे पाहतो. एंजिनात अधिक हवा कोंबावी, तिच्या प्रमाणात अधिक पेट्रोल द्यावे, म्हणजे अधिक अश्वशक्ती मिळते, हे तत्त्व बिनचूक आहे. त्यासाठी टर्बोचार्जर येतो, मोठे इंजेक्टर येतात, नवा सायलेन्सर येतो. ज्या भिंतींच्या आत हा सारा अग्नी पेटावयाचा, त्या सिलिंडरच्या भिंतींची आठवण मात्र बहुधा त्या तडकल्यावर होते. आपल्या घरात असा एखादा हौशी तरुण असेल, तर खरेदीच्या यादीत हा विषय अगोदर यावा, म्हणून या वेळी त्याविषयी चार शब्द.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. होंडा कंपनीने १९९५ साली जपानात ‘इंटेग्रा टाइप आर’ ही गाडी विक्रीस आणली. तिच्या १.८ लिटरच्या एंजिनातून टर्बोवाचून २०० अश्वशक्ती मिळे आणि ते मिनिटाला ८,००० फेऱ्या लीलया घेई. सिलिंडरचा व्यास ८१ मिलिमीटर. म्हणजे पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेएक्कावन्न चौरस सेंटिमीटर. ज्वलनाचा दाब क्षणभर दर चौरस सेंटिमीटरला ८० किलोपर्यंत चढतो असे धरले, तर प्रत्येक स्फोटाला पिस्टनवर चार टनांहून अधिक भार पडतो. टर्बो बसवून तोच दाब १२० किलोवर नेला, की भार सहा टनांच्या पुढे जातो. आणि असे स्फोट एकेका सिलिंडरात सेकंदाला सहासष्टांहून अधिक!

हा भार सरळ खाली जात नाही. दाब शिगेला पोहोचतो त्या क्षणी कनेक्टिंग रॉड तिरका होऊ लागलेला असतो. त्यामुळे भाराचा सुमारे बारावा हिस्सा पिस्टनला एका बाजूच्या भिंतीवर रेटतो. वरच्या पहिल्या हिशेबात हा रेटा साडेतीनशे किलोंच्या घरात येतो, दुसऱ्यात पाचशेच्या. शिवाय खुद्द दाब भिंतीला सर्व बाजूंनी फुगवू पाहतो, तो निराळाच.

आता ती भिंत कशी उभी आहे ते पाहू. या एंजिनाचे हेड उतरवून वरून पाहिले, तर एका लांबट पातेल्यात चार पेले एका ओळीत चिकटवून उभे केल्यासारखे दिसतात. पेले आतून बिडाचे आणि बाहेरून ॲल्युमिनियमचे. भोवतालच्या मोकळ्या जागेत थंड करणारे पाणी खेळते. पेल्यांचे काठ ब्लॉकच्या बाहेरच्या भिंतीला कोठेही जोडलेले नसतात. या रचनेस ‘ओपन डेक’ म्हणतात. ओळीच्या दिशेने शेजारचा पेला आधार देतो. परंतु पिस्टनचा रेटा येतो तो ओळीला आडवा, म्हणजे नेमका जेथे आधार नाही तेथे. दाब सर्वांत अधिक असतो तोही काठाजवळच. दुबळेपणा आहे तो येथे. भिंतीची जाडी हा त्यानंतरचा प्रश्न.

कारखानदार अडाणी असतात असे मात्र समजू नये. ॲल्युमिनियमचे ब्लॉक पोलादी साच्यात दाबाने ओतले जातात. वरचा भाग मोकळा ठेवला, की पाण्याच्या जागेसाठी घातलेला पोलादी गाभा सरळ वर ओढून काढता येतो. तो झाकायचा असेल तर वाळूचे गाभे घालून नंतर फोडून काढावे लागतात. काम झटपट होते, खर्च वाचतो, आणि सिलिंडरच्या काठाशी पाणी सर्व बाजूंनी पोहोचते. मूळ २०० अश्वशक्तीसाठी ही रचना पुरेपूर सुरक्षित होती. ती दुप्पट शक्तीसाठी आखलेलीच नव्हती.

दुप्पट शक्ती काढू लागले, की भिंतीचा काठ थरथरू लागतो. हालचाल डोळ्यांना दिसणार नाही इतकी सूक्ष्म. पण तेवढ्याने हेडखालचे गॅस्केट घासले जाते, पिस्टनच्या रिंगा भिंतीशी नीट बसत नाहीत, आणि अखेरीस बिडाला उभी चीर पडते. पाणी सिलिंडरात शिरते, सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघू लागते, आणि खर्चाचा आकडा ऐकून घरची वडील मंडळी हवालदिल होतात.

यावर स्वस्तातला उपाय म्हणजे ‘ब्लॉक गार्ड’. पाण्याच्या जागेत काठालगत ठोकून बसविलेली ही धातूची चकती पेले आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये पाचरीसारखी बसते. तिला पाण्यासाठी भोके असतात. तरीही सर्वांत तापणाऱ्या जागीच पाण्याची वाट अरुंद होते. शिवाय ती थोडी जरी वाकडी ठोकली, तरी भिंत एका अंगाला दाबली जाऊन सिलिंडरची गोलाई बिघडते. चकती बसविल्यानंतर सिलिंडर पुन्हा मापून, घासून गोल करून घेणार नसाल, तर ती न बसविलेली बरी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खरा उपाय लायनर बदलण्याचा. लायनर हा शब्द आपल्याकडील ट्रकच्या मिस्त्रींना नवा नाही. झिजलेले डिझेल एंजिन ते नवे लायनर घालूनच उभे करतात. फरक इतकाच, की तेथे हेतू दुरुस्तीचा, येथे बळकटीचा. जुने पेले बहुतांशी कातून टाकतात आणि त्या जागी जाड लायनर बसवितात. त्यांच्या वरच्या टोकाला अशा रुंद कडा असतात, की त्या एकमेकींना आणि ब्लॉकच्या बाहेरच्या भिंतीला टेकतात. मोकळा काठ अशा रीतीने झाकला जातो, आणि कडांतील ठरावीक भोकांतून पाणी वर हेडकडे जाते.

या लायनरांचे बीडही साधे नसते. साध्या बिडात ग्रॅफाइट पापुद्र्यांच्या रूपात असते, आणि प्रत्येक पापुद्रा म्हणजे चिरेचा आरंभ. वितळलेल्या बिडात किंचित मॅग्नेशियम मिसळले, की तेच ग्रॅफाइट गोळ्यांचे रूप घेते आणि ताण सोसण्याची शक्ती दुपटीहून अधिक होते. अमेरिकेत कीथ मिलिस यांनी हा शोध लावला. त्याचे पेटंट १९४९ सालचे. पाण्याचे नळ आणि क्रँकशाफ्ट यांतही हेच बीड वापरतात.

हे काम मात्र कसबी हातांचे आहे. ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून थंड असताना घट्ट वाटणारा लायनर तापल्यावर सैल होऊ शकतो. यासाठी ब्लॉक तापवून लायनर बसवितात, आणि खाली त्याला टेकण्यासाठी पायरी कातलेली असते. पायरीत केसभर चूक झाली तर लायनर खाली सरकतो आणि गॅस्केट टिकत नाही. शेवटची घासणी करताना वर हेडऐवजी जाड प्लेट बोल्टांनी आवळतात, कारण हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडर किंचित वाकतो. त्या वाकलेल्या स्थितीतच तो गोल हवा. ही प्लेट ज्याच्याकडे नाही, त्या कारखान्यात ब्लॉक टाकू नये.

काही एंजिने जन्मतःच बळकट असतात. १९९३ च्या टोयोटा सुप्राच्या टर्बो एंजिनाचा संपूर्ण ब्लॉक बिडाचा होता. वजन भरपूर, पण सोशिकपणाही तसाच. बी.एम.डब्ल्यू.ने १९६२ साली ‘१५००’ या कौटुंबिक गाडीसाठी काढलेल्या बिडाच्या ब्लॉकवर पाउल रोशे यांनी पुढे दीड लिटरचे टर्बो एंजिन उभारले. त्याच्या बळावर नेल्सन पिके १९८३ साली फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला.

बळकट भिंतीही एका शत्रूपुढे हात टेकतात. तो म्हणजे नॉकिंग. पेट्रोल ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता आपोआप भडकले, की दाब हातोड्यासारखा आदळतो. ठिणगीची वेळ आणि पेट्रोलचे प्रमाण बिघडलेले असेल, तर लायनर वाचेल आणि पिस्टन फुटेल. म्हणून पैसे मोजके असतील तर ते आधी एंजिनाच्या काटेकोर जुळणीवर खर्चावेत आणि टर्बोचा दाब माफक ठेवावा.

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीबाबत आपल्या देशात आणखी एक अडसर आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, काही सवलती वगळता, नोंदणीपत्रातील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. शर्यतीच्या बंदिस्त मार्गावरील गाडीची गोष्ट वेगळी. तेथेही लायनर मागविण्यापूर्वी स्पर्धेची नियमपुस्तिका वाचावी, कारण काही वर्गांत मूळ ब्लॉकला हात लावण्यासच मनाई असते.