डॉक्टर व्हायला वयाची अट नाही, मग नर्स व्हायला पस्तिशीची का?

नववीच्या पालकसभेनंतर दोघी जणी माझ्यासाठी थांबल्या. एकाच गल्लीत राहणाऱ्या, दोघीही खासगी दवाखान्यात कामाला. पहिली ४१ वर्षांची. निकाहाच्या आधी तिने एएनएमचा कोर्स केला होता, नोंदणीही झालेली आहे. दुसरी ३८ वर्षांची. बारावी होऊन शिक्षण सुटलं. गेली बारा वर्षं ती एका नर्सिंग होममध्ये ‘सिस्टर’ म्हणून राबते. सलाईन लावते, बाळंतपणात हात देते, रात्रपाळी करते. पण कागदावर ती कुणीच नाही. दोघींचा प्रश्न एकच होता, “मॅडम, या वयात पुन्हा शिकून मोठी नर्स होता येईल का?”

मी म्हटलं, विचारून सांगते. नियम काढून वाचले आणि उत्तर अजब निघालं. ४१ वर्षांच्या बाईला दार उघडं आहे. ३८ वर्षांच्या बाईला ते बंद आहे.

भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांप्रमाणे एएनएम, जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगच्या प्रवेशाला वय १७ ते ३५ लागतं. मात्र ज्या बाईची एएनएम म्हणून नोंदणी झालेली आहे, तिला जीएनएमला जायचं असेल तर वयाची अट नाही. म्हणजे एकदा आत आलेल्या बाईला चाळिशीतही वर चढता येतं. जी आत येऊच शकली नाही, तिचा रस्ता पस्तिशीला संपतो.

आता दुसरीकडे पाहा. नीट परीक्षेची कमाल वयोमर्यादा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये काढून टाकली. आज ३८ वर्षांची बाई कायद्याने डॉक्टर व्हायला निघू शकते, पण नर्स व्हायला निघू शकत नाही! या नियमामागे कोणता विचार आहे, हे सरकारला विचारायला हवं.

मोठी नर्स म्हणजे काय?

या दोघी ज्याला ‘मोठी नर्स’ म्हणत होत्या, त्यासाठी जगात ‘नर्स प्रॅक्टिशनर’ असा शब्द आहे. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने डॉ. हेन्री सिल्व्हर यांच्यासोबत हा अभ्यासक्रम सुरू केला. कारण साधं होतं. लहान मुलांना तपासायला डॉक्टर पुरत नव्हते. अनुभवी नर्सला जास्त शिकवलं, तर ती तपासणी आणि नेहमीच्या आजारांवर उपचार करू शकते, हे त्यांनी दाखवून दिलं. आज अमेरिकेच्या निम्म्याहून जास्त राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरच्या देखरेखीशिवाय रुग्ण तपासून औषध लिहून देऊ शकते.

आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरचं केडर तयार करण्याची गोष्ट लिहिलेली आहे. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आला. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रसूतिसेवेसाठी १८ महिन्यांचं प्रशिक्षण ठरलं. तरी एक गोष्ट स्पष्ट सांगते, म्हणजे कुणाची फसगत नको. भारतातली नर्स प्रॅक्टिशनर स्वतःचा दवाखाना उघडू शकत नाही. ती रुग्णालयात, ठरवून दिलेल्या नियमांच्या चौकटीतच काम करते. डॉक्टरांच्या संघटनांचाही अशा अधिकारांना विरोध असतो. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात डॉक्टर नसलेल्यांना मर्यादित परवाना देण्याचं कलम ३२ आलं, तेव्हा देशभर संप झाला होता.

हिशेब मांडून पाहू

४१ वर्षांच्या त्या एएनएम बाईने यंदा जीएनएमला प्रवेश घेतला, तर तीन वर्षांनी ती ४४ ची असेल. त्यानंतर तिला प्रसूतिसेवेच्या १८ महिन्यांच्या प्रशिक्षणाकडे वळता येईल. अतिदक्षता विभागाकडे जायचं असेल, तर आधी दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी, किमान एक वर्षाचा अनुभव आणि मग दोन वर्षांचा अभ्यासक्रम. तोपर्यंत पन्नाशी जवळ येते. सगळ्यांनी शेवटच्या पायरीपर्यंत जावं, असं मी म्हणणार नाही. पण फक्त जीएनएम झाली तरी हुद्दा बदलतो, पगार बदलतो आणि पुढचे रस्ते खुले होतात. ४४ वं वर्ष तर तसंही येणारच आहे, शिकलं तरी आणि नाही शिकलं तरी!

ज्या एएनएम किंवा जीएनएम भगिनी सरकारी सेवेत आहेत, त्यांनी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मधली अध्ययन रजेची तरतूद समजून घ्यावी. अनेकींना अशी रजा असते हेच माहीत नसतं.

अट हवीच, असं म्हणणाऱ्यांना

एक युक्तिवाद असा केला जातो की शिक्षणावर खर्च करायचा आणि सेवेची वर्षं कमी मिळायची, हा तोटा आहे. शिवाय हे काम अंगमेहनतीचं. पण मग ४५ वर्षांच्या एएनएमला जीएनएमला कसं घेतात? आणि डॉक्टरच्या शिक्षणाला तर याहून जास्त खर्च येतो. अंगमेहनतीचं म्हणाल, तर ती ३८ वर्षांची बाई बारा वर्षं तीच मेहनत करते आहे. फक्त तिच्याकडे ना सर्टिफिकेट आहे, ना योग्य पगार.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सुमारे ५८ लाख नर्सेस कमी आहेत. तरुण नर्सेस चांगल्या पगारासाठी परदेशी जातात, त्यात त्यांची काही चूक नाही. पण मुलंबाळं, घरदार इथेच असलेली चाळिशीतली बाई सहसा गाव सोडत नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या बायका तब्येतीची गोष्ट तिच्याजवळ मोकळेपणाने बोलतात, तिच्याशी उर्दूत बोलतात, मराठीत बोलतात. जी तक्रार डॉक्टरसमोर तोंडातून निघत नाही, ती तिला सांगतात. हा भरोसा कोणत्याही कोर्समध्ये शिकवला जात नाही.

१९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा संसदेने मंजूर केला. जुने नियम नव्याने तपासण्याची हीच वेळ आहे. नीटची अट निघू शकते, तर ही का नाही? आपल्या आमदार-खासदारांकडे आपण नेहमी शादीखाना आणि कब्रस्तानच्या भिंतीची मागणी घेऊन जातो. एकदा ही मागणीही घेऊन जाऊ या.

तोपर्यंत काय करायचं?

नियम बदलेपर्यंत पस्तिशी हीच शेवटची तारीख समजा. तुमची बहीण, सून किंवा बायको तिशीत असेल आणि तिची इच्छा असेल, तर ‘मुलं मोठी झाली की बघू’ असं म्हणू नका. मुलं मोठी होतील तोवर दार बंद झालेलं असेल.

दहावीनंतर शिक्षण सुटलं असेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावी करता येते आणि ती नर्सिंगला चालते. इंग्रजीत मात्र किमान ४० टक्के लागतात. उर्दू माध्यमातल्या आपल्या मुली इथेच अडकतात, हे मी शिक्षिका म्हणून रोज पाहते. नर्सिंगची पुस्तकंही इंग्रजीतच असतात. त्यामुळे इंग्रजीची तयारी आजपासून.

सहा महिन्यांत नर्स बनवतो म्हणणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहा. पैसे भरण्याआधी ती संस्था भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का, ते बघा. नोंदणी होणार नसेल, तर ते सर्टिफिकेट फक्त भिंतीवर लावायच्या कामाचं.

आणि शेवटची गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी आणि सासूबाईंसाठी. बाई फी कशीबशी जमवते. तिला अडवतो तो प्रश्न म्हणजे रात्रपाळीच्या दिवशी घरी रोट्या कोण करणार! त्याचं उत्तर द्यायला कोणत्याही परिषदेची परवानगी लागत नाही.

४१ वर्षांच्या बाईने जीएनएमचा फॉर्म आणला आहे. तिचा मुलगा नववीत आहे, तो म्हणतो, अम्मीला इंग्रजी मी शिकवीन. ३८ वर्षांच्या बाईला मी नियम वाचून दाखवला. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “माझी धाकटी बहीण ३१ ची आहे मॅडम, तिला पाठवू का तुमच्याकडे?”

मी म्हटलं, उद्याच पाठव.