आकाशदर्शनाची रात्र
प्राध्यापक कावसजी नायगमवाला १९१२ साली सेवानिवृत्त झाल्यावर पुण्याची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा बरखास्त होऊन, भावनगर संस्थानच्या देणगीचे स्मरण देणारी तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली, तेव्हा या शहराने जे गमावले त्याची थोडी तरी भरपाई १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापणाऱ्या हौशी नागरिकांनी केली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. सार्वजनिक आकाशदर्शनाच्या रात्री, नेत्र अंधाराला सरावेपर्यंत अर्धा तास धीर धरून, कारकून, विद्यार्थी, गृहिणी एकाच रांगेत उभे राहतात आणि मृगातील तेजोमेघाचा, तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी निघालेला धूसर प्रकाश (छायाचित्रातील रंग त्यात दिसत नाहीत, हे नवागतांस आधीच सांगावे) कोणत्याही परवान्यावाचून प्रत्येकाच्या दृष्टीस पडतो. महापालिकेने तेवढ्या रात्रीपुरते आसपासचे दिवे मालवावेत, असा माझा तिच्याकडे आग्रहाचा अर्ज आहे.