ब्रेकच्या ड्रममधील धूळ

अस्थिरोगशास्त्राच्या पुस्तकांत मनगटाच्या एका विशिष्ट अस्थिभंगाला ‘शोफर्स फ्रॅक्चर’ असे नाव आहे. हाताच्या अंगठ्याकडील हाड मनगटाला जिथे मिळते, तिथले टोक यात तुटते. मोटारी पुढच्या बाजूने हँडल फिरवून सुरू कराव्या लागत, त्या काळी चालकांमध्ये ही दुखापत इतकी आढळे की त्यांच्या व्यवसायाचे नावच तिला चिकटले. इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल गर्रकन मागे फिरते आणि ते मुठीत आवळून धरणाऱ्याचे मनगट त्या तडाख्यात सापडते. सेल्फ-स्टार्टर आल्यावर हे नाव केवळ पुस्तकापुरते उरायला हवे होते. परंतु जुन्या गाड्या जपण्याचा छंद वाढला, तसे ते हँडलही परत आले. म्हणून आधी तेवढे सांगून टाकतो: गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करावी, अंगठा हँडलभोवती न गुंडाळता बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवावा, आणि हँडल खालून वर ओढावे, वरून खाली कधीही दाबू नये.

आपल्याकडे हा छंद संस्थानिकांच्या आलिशान मोटारी आणि त्यांच्या मिरवणुका एवढ्यापुरता राहिलेला नाही. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पोची मॅटाडोर, किंवा विलीजच्या आराखड्यावर महिंद्रने बनवलेल्या जीपची मागे उघडा हौदा असलेली पिकअप, ही वाहने कोणी शोभेसाठी घेतली नव्हती. त्यांनी मळ्यातला भाजीपाला बाजार समितीत नेला, खताची पोती आणली, लग्नाची वऱ्हाडे वाहिली, भाद्रपदात गणपती आणले आणि पोहोचवलेही. ‘मॅटाडोर’ हा शब्द तर एका काळी अशा प्रत्येक गाडीचे सामान्यनाम होऊन बसला होता. आज त्यांतील एखादी गाडी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते, आणि जिच्या हौद्यात बसून लहानपणी जत्रेला गेलो, तिच्याच खाली साठी ओलांडलेला मुलगा पाना घेऊन आडवा झालेला असतो. घरातल्यांचे मत बहुधा एकमुखी असते: ‘भंगारात देऊन टाका, जागा तरी मोकळी होईल.’

या मताला वैद्यकाचा पाठिंबा मिळणार नाही. अशा गाडीत संगणक नसतो, दोष दाखवणारा दिवा नसतो. इंजिन अडखळू लागले तर दोष इंधनात आहे की ठिणगीत, हे माणसाला स्वतःच ठरवावे लागते. प्लग काढून त्याचा रंग पाहावा लागतो. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त येते आहे, पांढुरका पडला असेल तर कमी. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बसवताना फिलर गेजची पट्टी नेमकी किती घासत सरकली पाहिजे, हे कोणत्याही पुस्तकात लिहिता येत नाही. ते बोटांच्या टोकांना कळावे लागते. चाकाच्या बेअरिंगची घरघर कानाला कळते आणि क्लचची जळकट झाक नाकाला. डोळे, कान, नाक, बोटे आणि तर्क यांना एकाच वेळी कामाला लावणारे व्यवसाय निवृत्तीनंतर फार थोडे उरतात.

२०२३ साली ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात सोळा देशांतील, पासष्ट व त्याहून अधिक वयाच्या सुमारे ९३ हजार लोकांच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. ज्यांना एखादा छंद होता त्यांच्यात नैराश्याची लक्षणे कमी आणि जीवनाबद्दलचे समाधान अधिक आढळले. हातांच्या पकडीविषयीचा ‘लॅन्सेट’मधील २०१५ चा अभ्यासही अनेकांच्या वाचनात आला असेल. भारतासह सतरा देशांतील जवळपास १ लाख ४० हजार लोकांमध्ये पकडीचे बळ दर पाच किलोंनी कमी असताना मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी अधिक दिसला. म्हणून नटबोल्ट पिळल्याने आयुष्य वाढते, असा निष्कर्ष मात्र काढू नये. पकड हे एकूण प्रकृतीचे माप आहे, औषध नव्हे. तरीही आठवड्यातून दोन दिवस पाना फिरवणारा हात रिमोटची बटणे दाबणाऱ्या हातापेक्षा बरा, एवढे म्हणायला अभ्यासाची गरज नाही.

आणखी एक लाभ आकड्यांत मावत नाही. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात ‘मेन्स शेड’ नावाची चळवळ सुरू झाली. वयस्क पुरुषांनी एका शेडमध्ये जमून सुतारकाम, दुरुस्ती असे काहीतरी करावे, एवढीच कल्पना. त्यामागचे निरीक्षण मार्मिक होते. समोरासमोर बसवून ‘कसे वाटते?’ असे विचारले तर पुरुष गप्प होतात. शेजारी उभे राहून एकाच यंत्रावर काम करू लागले की बोलू लागतात. आपल्या गावात अशा चळवळीला नाव द्यावे लागत नाही. बॉनेट उघडले की चार घरांतले दोघे तरी येऊन उभे राहतात, आणि कार्बोरेटर साफ होईपर्यंत कोणाच्या घरी काय चालले आहे, कोणाला रात्री झोप लागत नाही, हे सारे निघते.

म्हणजे गाडी विकू नये. मात्र वैद्यकाची ही शिफारस विनाअट नाही. ती शेड म्हणजे एक छोटा कारखाना आहे. कारखान्यात निदान कायदा असतो, निरीक्षक असतो, फलक असतात. इथे त्यांतले काहीच नाही. शिवाय कारखान्याच्या आवारात नातवंडे खेळत नसतात. घरातील वाद नेहमी जागेवरून आणि पैशांवरून होतो. व्हायला हवा तो पुढील गोष्टींवरून.

जॅक गाडी उचलतो, धरून ठेवत नाही. दीड टनाच्या आसपास वजन केवळ जॅकवर असताना खाली जाणे म्हणजे एका रबरी सीलवर जीव ठेवणे होय. गाडी उचलली की दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावाव्यात; जमीन मातीची असेल तर घोड्यांखाली जाड फळी किंवा लोखंडी पत्रा हवा. जुन्या विलीज पद्धतीच्या जीपबाबत एक गोष्ट अनुभवी माणसांच्याही लक्षात राहत नाही. तिचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर लागतो. मागचे एकच चाक उचलले, की डिफरन्शियलमुळे ते हवेत मोकळे फिरते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. टेकलेल्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे लावल्याखेरीज जॅकला हात लावू नये.

याहून फसवी दुखापत ग्रीसगनची आहे. स्प्रिंगच्या, स्टिअरिंगच्या निपलमध्ये ग्रीस भरताना निपल तुंबलेले असते, जोर वाढवला जातो, आणि ग्रीस भलत्याच वाटेने बोटाच्या टोकात शिरते. हाताने चालवायच्या ग्रीसगनमध्येही दर चौरस इंचाला हजारो पौंडांचा दाब तयार होतो. मॅटाडोरसारख्या डिझेल गाडीचा इंजेक्टर सुटा करून त्याचा फवारा पाहतानाही हेच घडू शकते. बोटावर दिसते काय, तर सुई टोचल्यासारखे एक छिद्र. वेदना सुरुवातीला अगदी किरकोळ. म्हणून हळद लावून माणूस पुन्हा कामाला लागतो. आत मात्र ग्रीस स्नायुबंधांच्या आवरणातून तळहातापर्यंत पसरलेले असते आणि काही तासांत ऊती मरू लागतात. ही शस्त्रक्रियेची आणीबाणी आहे. पहिल्या सहा तासांत हाताच्या शल्यचिकित्सकाकडे पोहोचलेला रुग्ण आणि दुसऱ्या दिवशी सुजलेला हात घेऊन आलेला रुग्ण, यांच्यातला फरक अनेकदा बोट राहते की जाते एवढा असतो. रुग्णालयात ‘बोटाला लागले’ असे म्हणू नका. ‘दाबाने ग्रीस आत गेले’ असेच सांगा.

तोंडाने नळी ओढून टाकीतले पेट्रोल काढणे हा आपल्याकडील तसाच एक जुना परिपाठ. पेट्रोल पोटात गेल्यापेक्षा घोटभर फुप्फुसात गेले तर अनर्थ होतो; रासायनिक न्यूमोनिया होतो. गिळले गेले असेल तर उलटी करवू नये, कारण वर येताना ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. पाच-पन्नास रुपयांना मिळणारा हातपंप ठेवावा. आणि सुटे भाग धुण्याचे रॉकेल, रेडिएटरचे कूलंट शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नये. कूलंटमधील इथिलीन ग्लायकोल चवीला गोड असते, रंगही आकर्षक असतो. लहान मूल आणि घरचा कुत्रा, दोघांनाही ते सरबत वाटते. ते मूत्रपिंडे निकामी करते.

बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये, हे सर्वांना ठाऊक आहे. पावसाळ्यात दार अर्धे ओढून घेतले जाते, तेव्हा ते आठवत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. शेडमधल्या दोघांचेही डोके एकदमच दुखू लागले तर आधी बाहेर पडावे. धनुर्वाताच्या लसीचा बूस्टर दर दहा वर्षांनी घ्यावा. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी चपलेवर आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी एकट्याने हे काम करू नये.

आता शीर्षकातल्या धुळीविषयी. जुन्या ब्रेक शूच्या आणि क्लच प्लेटच्या अस्तरात उष्णता सहन करण्यासाठी अ‍ॅस्बेस्टॉस वापरत. ब्रेक दाबताना अस्तर झिजते आणि त्याची करडी भुकटी ड्रममध्ये साठते. ड्रम काढला की ती फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणे, ही आपल्या गॅरेजांतली पिढीजात रीत आहे. श्वासाबरोबर आत गेलेले सूक्ष्म तंतू फुप्फुसात आणि त्याच्या आवरणात राहतात. त्यातून होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग वीस ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा प्रकट होतो. एखाद-दोन वेळा ब्रेक उघडणाऱ्याचा धोका गिरणीत आयुष्य काढलेल्या कामगाराइतका नाही, हे खरे. पण याखाली धोकाच नाही अशी कोणतीही पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. साठीच्या गृहस्थांना वीस-चाळीस वर्षांचा हिशेब दूरचा वाटेल. त्यांच्या शेजारी टॉर्च धरून बसलेल्या दहा वर्षांच्या नातवाला तो दूरचा नाही.

आणि ही धूळ शेडमध्ये थांबत नाही. लंडनमध्ये म्युरिएल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्पसन यांनी मेसोथेलिओमाच्या रुग्णांचा पूर्वेतिहास तपासला आणि १९६५ साली प्रसिद्ध केला. त्यात असेही रुग्ण होते, ज्यांनी अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात कधी पाऊल टाकले नव्हते. घरातील कोणीतरी तिथे कामाला होते. नवऱ्याचे कामाचे कपडे धुणारी बायको, हे त्यातले नेहमी आढळणारे चित्र होते. कपडे झटकताना उडालेली धूळ तिच्या श्वासात गेली होती.

जुन्या रंगाचेही असेच आहे. हौद्याच्या पत्र्यावरील मूळ रंगात शिसे असण्याची शक्यता मोठी, आणि कोरड्या पॉलिश कागदाने घासले की ते धूळ होऊन अंगणात बसते. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूसाठी शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. पत्रा पाणी मारत ओल्यानेच घासावा, चिखल पुसून पिशवीत बांधावा.

ब्रेकची धूळही फुंकू नये. साबणाच्या पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने भिजवावी, चिंधीने टिपावी, चिंधी ओलीच पिशवीत बंद करावी. तोंडावरचा रुमाल हे तंतू अडवत नाही. शेडचे कपडे वेगळे ठेवावेत, ते शेडमध्येच उतरवावेत, न झटकता पाण्यात बुडवावेत, घरच्या धुण्यात मिसळू नयेत, आणि ज्याने घातले त्यानेच धुवावेत. पत्नीच्या हाती ते देऊच नयेत.

एक अडचण छंदिष्टांच्या स्वभावातच आहे. त्यांना सारे काही ‘ओरिजिनल’ हवे असते. जुन्या बाजारात पन्नास वर्षांपूर्वीच्या पिवळ्या पडलेल्या खोक्यात, कधीही न वापरलेला ब्रेक शू मिळाला की त्यांना घबाड सापडल्यासारखे वाटते. तो न वापरलेला असतो याचा अर्थ त्यातले अ‍ॅस्बेस्टॉस अजून पूर्ण शिल्लक असते. आपल्याकडे पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या वापरावर आजही सरसकट बंदी नाही, त्यामुळे नवे अस्तर घेतानाही ‘अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त’ असे छापलेले आहे का, हे पाहूनच घ्यावे. दिवे, बोधचिन्ह, स्टिअरिंग, हौद्याच्या फळ्या खुशाल मूळच्या ठेवाव्यात. प्रदर्शनातले परीक्षक ड्रम उघडून पाहत नाहीत.