सिंहगडाएवढा डोंगर

इंदूरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. पत्र चार पानी आहे, पण मुद्दा एकच. मुलगा ग्लासगोला शिकायला आहे. अभ्यासात बरा, स्वभावानं अबोल. हिवाळा सुरू झाल्यापासून दर रविवारी तो पहाटेची गाडी पकडून बर्फाच्या डोंगरात जातो आणि संध्याकाळी फोटो पाठवतो. ‘‘फोटोत बर्फावर उमटलेली पावलं दिसतात. पण ती एकाच माणसाची असतात. म्हणजे बरोबर कुणी नसतं, हे मला न सांगता कळतं,’’ असं ताईंनी लिहिलंय. पुढे विचारलंय, ‘‘त्याला जाऊ नकोस म्हणून सांगू का? तुम्ही डोंगरातली माणसं, तुम्हीच सांगा.’’

ताई, खरं सांगायचं तर या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी फारसा लायक माणूस नाही. कारण मी स्वतः तो उद्योग केलेला आहे. तोही पन्नाशी उलटल्यावर.

2015 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. मुलगी तेव्हा अ‍ॅबरडीनला शिकत होती. मी महिनाभर तिच्याकडे गेलो होतो. दोघांनी मिळून केर्नगॉर्मच्या डोंगरात जायचं, बेन मॅकडुई चढायचा, असं ठरलं होतं. निघायच्या दोन दिवस आधी ती फुटपाथवरच्या गोठलेल्या पाण्यावरून घसरली आणि पाय मुरगळून बसली. शहाण्या माणसानं बेत रद्द केला असता. मी म्हटलं, ‘‘तू खाली कॉफी पीत बस, मी एकटा जाऊन येतो.’’ चाळीस वर्षं सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला स्कॉटलंडचे डोंगर ते काय वाटणार! बेन मॅकडुई हा ब्रिटनमधला दुसऱ्या क्रमांकाचा उंच डोंगर. उंची 1309 मीटर. आपला सिंहगड साधारण 1312 मीटर. म्हणजे पुणेकर दर रविवारी पिठलं-भाकरी खायला जातो तेवढ्याच उंचीवर जायचं. सर्वांत उंच बेन नेव्हिस तो 1345 मीटर. आपल्या कळसूबाईपुढे तोही ठेंगणाच.

उंचीच्या या आकड्यानं भल्याभल्यांना फसवलंय.

कारण सिंहगड अठरा अंश अक्षांशावर आहे आणि मॅकडुई सत्तावन्न. अटलांटिकवरून येणारं प्रत्येक वादळ या डोंगरांवर येऊन आदळतं. शेजारच्या केर्न गॉर्म शिखरावर एका विद्यापीठाचं स्वयंचलित हवामान केंद्र आहे. तिथं 20 मार्च 1986 रोजी वाऱ्याचा एक झोत ताशी 173 मैल नोंदला गेला, म्हणजे ताशी सुमारे 278 किलोमीटर. याच डोंगरांच्या दक्षिणेला ब्रेमार नावाचं गाव आहे, तिथं 1982 च्या जानेवारीत पारा उणे 27.2 अंशांवर उतरला होता. शिवाय वरचा भाग निमुळता किंवा शिखरासारखा टोकदार नाही. मैलोन् मैल सपाट पठार आहे. स्वच्छ उन्हात ते पठार म्हणजे स्वर्ग. ढग उतरला की त्याला ना दिशा, ना कडा, ना खूण. आणि हिवाळ्यात दिवस तरी केवढा? डिसेंबरात जेमतेम साडेसहा-सात तास. फेब्रुवारीत जरा बरा, पण सव्वापाचच्या आसपास सूर्य मावळतोच.

मी अगदीच आंधळेपणानं गेलो नव्हतो, एवढं माझ्या बाजूनं सांगायला हवं. तिथं जवळच ग्लेनमोर लॉज नावाचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. हिवाळ्यात डोंगरात कसं वावरायचं, हे तिथं शिकवतात. आम्ही दोघांनी आधी तसलं एक शिक्षण घेतलं होतं. बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे पोलादी दात, कसे बांधायचे. घसरलो तर पोटावर वळून आइस अ‍ॅक्सचं टोक बर्फात रुतवून स्वतःला कसं थांबवायचं. काही दिसत नसताना होकायंत्रावर कसं चालायचं. उतारावर मुद्दाम घसरायला लावून सराव करून घेतात. पन्नाशीतल्या माणसाला लहान मुलासारखं बर्फात घसरताना बघून मुलगी पोट धरून हसली होती. ते हसणं पुढे कामाला आलं.

सकाळी साडेआठला तिनं मला स्कीइंगच्या केंद्राजवळच्या गाडीतळावर सोडलं. तळच सव्वासहाशे मीटरच्या वर आहे. तिथूनच बर्फ. एका कागदावर मी माझी वाट लिहून दिली, साडेबाराला जिथं असेन तिथून परत फिरेन असं लिहिलं आणि खाली तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘पाचपर्यंत बाबा आले नाहीत तर 999, पोलीस, माउंटन रेस्क्यू.’ तो कागद तिच्याकडे राहिला.

पहिले दोन तास इतके सुंदर गेले, की ताई, तुमचा मुलगा का जातो हे मला तिथंच कळलं असतं. आकाश धुतल्यासारखं. बर्फ रात्रीत गोठून टणक झालेला, प्रत्येक पावलाला करकर वाजणारा. टार्मिगन नावाचा तितराच्या जातीचा पक्षी आहे, हिवाळ्यात तो पांढरा होतो. दोन पावलांवरून उडाला तेव्हा दगडच उडाल्यासारखा दचकलो. लांबवर रेनडियरचा कळप दिसला. हे रेनडियर मूळचे इथले नव्हेत. स्वीडनमधल्या मिकेल उत्सी नावाच्या सामी गृहस्थानं 1952 मध्ये ते इथं आणले आणि ते रमले. पठारावर पोचलो तेव्हा चहूकडे फक्त पांढरं आणि निळं. माणूस एकही नाही. अशा ठिकाणी एकटं असण्यात एक गुर्मी असते, ती मला चढली होती.

साडेअकराला लोखन बुई नावाच्या छोट्या तळ्यापाशी आलो. तळं अर्थातच बर्फाखाली गाडलेलं. शिखर आणखी दोनेक किलोमीटर.

या तळ्याची एक हकिकत आहे, आणि ती तिथं उभं राहून आठवणं फार वाईट. 1971 च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या एका शाळेची मुलं इथं आली होती. पंधराएक वर्षांची. वेगानं चालणारा गट पुढे गेला आणि तळ्याजवळच्या छोट्या निवाऱ्यात पोचला. मागचा गट, सहा मुलं आणि दोन तरुण शिक्षिका, हिमवादळात अडकला. निवारा सापडेना. त्यांनी उघड्यावर दोन रात्री काढल्या. पाच मुलं गेली, आणि अठरा वर्षांची मदतनीस शिक्षिका गेली. दुसरी शिक्षिका मदत आणायला निघाली, ती बर्फावर रांगताना शोधपथकाला दिसली. तिच्यामुळे बाकीच्यांचा ठावठिकाणा लागला आणि एक मुलगा जिवंत मिळाला. पुढे कितीतरी दिवस वाद झाला, की असे निवारे असावेत की नसावेत. ते आहेत या भरवशावर माणसं वर जातात आणि बर्फात ते गाडले गेले की सापडत नाहीत. शेवटी 1975 मध्ये तो निवारा काढून टाकला. आज तिथं काही नाही.

मी थर्मासमधला चहा घेत होतो, तेवढ्यात नैऋत्येकडून ढग आला. आला म्हणजे चालत आला नाही. डोळ्यांसमोरचं शिखर पुसलं गेलं, मग समोरचा खडक, मग माझे बूट. जमीनही पांढरी, आभाळही पांढरं, मधली रेघच नाहीशी. याला तिकडे व्हाइटआउट म्हणतात. घड्याळात अकरा चाळीस. परत फिरायच्या वेळेला पन्नास मिनिटं बाकी होती आणि मनानं हिशेब मांडला, की दोन किलोमीटर, जमेल. मी शिखराच्या दिशेनं निघालो.

हा माझा मूर्खपणा. परत फिरायची वेळ ही जास्तीत जास्त वेळ असते. त्याआधी फिरायचं नाही, असा तिचा अर्थ नसतो. तीनेकशे मीटर गेल्यावर वाऱ्यानं मला गुडघ्यावर आणलं, तेव्हा तो अर्थ डोक्यात शिरला. परतलो.

येताना माझ्याच पावलांवरून परत जाऊ, असं मी गृहीत धरलं होतं. पावलं नव्हतीच. दहा-पंधरा मिनिटांत वाऱ्यानं बुजवून टाकली होती. ताई, तुमच्या मुलाच्या फोटोतली ती पावलं तुम्हाला एकटेपणाची खूण वाटतात. मला मात्र तो फोटो बघून वाटलं, की चला, त्या दिवशी वारा तरी नव्हता.

आता होकायंत्र. नकाशावर दिशा काढली आणि पावलं मोजत निघालो. परतीच्या वाटेला डावीकडे लारिग ग्रू नावाची खोल खिंड आणि उजवीकडे कोरी अन लोखनचे सरळ तुटलेले कडे. त्या कड्यांच्या काठावर वारा बर्फाचे छज्जे बांधतो. वरून ते जमिनीसारखेच दिसतात, खाली मात्र पोकळी. मधून नीट चाललं तर वाट सोपी, सपाट, मग हळूहळू उतरती. वारा डाव्या अंगानं सारखा ढकलत होता.

काही वेळानं दम लागला. एवढ्याशा चालीनं दम का लागावा? थांबलो आणि लक्षात आलं, की मी चढतोय. वाट तर सपाट किंवा उतरती हवी. चढ म्हणजे वाऱ्यानं मला उजवीकडे, केर्न लोखनच्या पाठीवर नेलंय. आणि त्या पाठीच्या पलीकडे कडा. समोर बर्फाचा गोळा फेकून बघायची एक युक्ती शिकवली होती; गोळा पडलेला दिसला तर पुढे जमीन आहे. फेकला. दोन गोळे दिसले. तिसरा, जरा लांब फेकलेला, दिसला नाही. तो कड्यावरून गेला की नुसता पांढऱ्यात हरवला, ते मी आजही सांगू शकत नाही. तपासायला पुढे गेलो नाही. हात थरथरत होते, आणि ते थंडीनं नव्हे.

अशा वेळी कानही खेळ करतात. मागून कुणीतरी येतंय असं स्पष्ट वाटलं. माझ्या तीन पावलांना त्याचं एक. सॅकचा सुटलेला पट्टा आपटत होता, हे नंतर कळलं. या डोंगराच्या उंच करड्या माणसाची कथा प्रसिद्ध आहे. नॉर्मन कॉली नावाचे रसायनशास्त्राचे नामवंत प्राध्यापक 1891 मध्ये मॅकडुईवर एकटे असताना धुक्यात त्यांना मागे भल्यामोठ्या ढांगांचा आवाज ऐकू आला आणि ते खाली जंगलापर्यंत पळत सुटले. 1925 पर्यंत त्यांनी ही गोष्ट जाहीरपणे सांगितली नव्हती. हेच कॉली 1895 मध्ये ममरीबरोबर आपल्याकडच्या नंगा पर्वताच्या मोहिमेवर होते. म्हणजे गृहस्थ भित्रा नव्हे. पूर्वी मी या गोष्टीला हसत असे. आता हसत नाही.

डावीकडे वळलो. एकेक पाऊल चाचपत, चढ संपून उतार लागेपर्यंत. मग पुन्हा होकायंत्र, पुन्हा मोजणी. आठशे, नऊशे, हजार. मध्ये आकडा विसरलो की चिडून स्वतःला मराठीत शिव्या घातल्या. तिथं कुणाला कळणार होत्या! साडेनऊशे मीटरच्या सुमाराला ढगाच्या तळातून बाहेर पडलो आणि खाली गाडीतळ दिसला, खेळण्यातल्या गाड्या मांडल्यासारखा.

तर ताई, त्याला जाऊ नकोस म्हणू नका. म्हटलंत तर तो जाईलच, फक्त फोटो पाठवणार नाही. त्यापेक्षा विचारा. बर्फातलं शिक्षण घेतलंस का? निघण्याआधी हिमकड्यांच्या धोक्याचा दैनिक अंदाज वाचतोस का? स्कॉटलंडमध्ये तो हिवाळाभर रोज प्रसिद्ध होतो. वाट आणि परतायची वेळ कुणाला लिहून देतोस, आणि तो माणूस तुझी वाट बघत खरोखर जागा असतो का? डोक्याला लावायची विजेरी, शिटी आणि कागदी नकाशा सॅकमध्ये असतो का? थंडीत मोबाइलची बॅटरी बघता बघता मरते. एरवी 999 ला एसएमएसनंही मदत मागता येते, पण त्यासाठी फोनची नोंदणी आधी करावी लागते. त्यानं ती केली नसेल तर आजच करायला लावा. आणि हेही त्याला सांगा, की तिथली डोंगरातली बचाव पथकं स्वयंसेवकांची असतात. आपलं काम सोडून वादळात निघणारी, एक पैसा न घेणारी माणसं. आपल्या हट्टापायी त्यांना वर यावं लागतं, हे एकट्या जाणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

जमलं तर विद्यापीठाच्या गिर्यारोहण क्लबात नाव घाल म्हणावं. अबोल मुलांचं तिथं बरं जमतं. डोंगरात बोलावं लागत नाही.

मी खाली पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. मुलगी कॅफेत नव्हतीच. मुरगळलेला पाय घेऊन गाडीतळाच्या टोकाला उभी होती. ढग उतरल्यापासून तिथंच होती. हातात तो कागद घामानं मऊ झालेला. मला बघून काही बोलली नाही, कागदाची घडी करून खिशात टाकली. गाडीत बसल्यावर म्हणाली, ‘‘बाबा, शिखर?’’ मी म्हटलं, ‘‘नाही.’’ ती म्हणाली, ‘‘बरं झालं.’’

रात्री पुण्याला फोन केला. कडा, बर्फाचे गोळे वगैरे भाग अर्थातच गाळला. फक्त ढग आला म्हणून परत फिरलो, एवढंच सांगितलं. सौभाग्यवतींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘अहो, पण सिंहगडाएवढाच ना तो? तेवढाही झाला नाही तुमच्याच्यानं?’’