भत्ता सुरू झाला, शिक्षणाचे काय?

जयपूरच्या एका सरकारी कार्यालयात अलीकडे कामानिमित्त गेलो होतो. आवक-जावकच्या टेबलाशी एक पदवीधर तरुण जुन्या नस्त्यांवर पृष्ठक्रमांक घालत बसला होता. रोज चार तास हेच काम. त्यासाठी मुख्यमंत्री युवा संबल योजनेतून दरमहा चार हजार रुपये. ‘इथे काय शिकलात?’ असे विचारले, तेव्हा तो नुसता हसला. उरलेला दिवस गोपालपुरा बायपासवरच्या शिकवणी वर्गात जातो, एवढेच म्हणाला.

राजस्थानात ही योजना २०१९ मध्ये सुरू झाली. तेव्हा पुरुषांना तीन हजार आणि महिलांना साडेतीन हजार रुपये भत्ता होता. २०२२ मध्ये त्यात हजाराची भर पडली आणि सोबत रोज चार तास सरकारी खात्यात काम करण्याची अट आली. भत्त्याची मुदत कमाल दोन वर्षे. मी या भत्त्याच्या विरोधात नाही. खोलीचे भाडे, बसखर्च आणि खाणावळीचे पैसे भागवल्यावर चार हजारांतून काही उरत नाही. उपाशीपोटी कोणी कसब शिकत नाही, म्हणून आधार हवाच. माझा आक्षेप निराळा आहे. या चार तासांत काय शिकवायचे, हे ठरवण्याची जबाबदारी कोणावरच दिसत नाही. परिणामी, प्रशिक्षणाच्या निधीतून खात्यांना स्वस्तात मनुष्यबळ मिळते आणि रिक्त पदे भरण्याची निकड कमी होते.

महाराष्ट्राचा अनुभव याहून फार वेगळा नाही. तेथे २०२४ च्या युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना सहा हजार, आयटीआय व पदविकाधारकांना आठ हजार आणि पदवीधरांना दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले. सहा महिन्यांची मुदत पुढे पाच महिन्यांनी वाढवावी लागली, तरीही ‘आम्हाला कायम करा’ अशी मागणी घेऊन प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले. त्यांना दोष कसा द्यावा? पुढची वाट न दाखवता दिलेली मुदतवाढ ही आश्वासनासारखीच भासते.

वास्तविक चांगला नमुना आपल्या कायद्यातच आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमानुसार उमेदवार व आस्थापना यांच्यात करार होतो. व्यवसाय आणि मुदत ठरलेली असते. २०१९ च्या सुधारित नियमांनी पदवीधर शिकाऊ उमेदवारांसाठी किमान नऊ हजार रुपये विद्यावेतन निश्चित केले. सीतापुऱ्यातील कारखाने, सांगानेरचे छपाईकार, जोहरी बाजारातील रत्नकारागीर अशी शिकण्याची ठिकाणे जयपुरात थोडी नाहीत. भत्त्याचा निधी तिकडे वळवणे अशक्य नाही.

त्यासाठी तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला कोणते काम, कोणाच्या हाताखाली शिकायचे, हे लेखी मिळावे. भत्ता ठरल्या तारखेस मिळावा. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या देयकाचा काही भाग मात्र उमेदवार सहा महिने कामावर टिकल्यानंतरच द्यावा. तिसरे, किती जण आले आणि किती जण रोजगाराला लागले, हे राजस्थानच्या जन सूचना पोर्टलवर खातेनिहाय जाहीर व्हावे. सामाजिक अंकेक्षणाची वाट देशाला दाखवणाऱ्या राज्याला हे जड जाऊ नये.

दोन वर्षांनी त्या तरुणाचा भत्ता थांबेल. तेव्हा त्याच्या हाती काही कसब असेल की नाही, यावरूनच या खर्चाचा हिशेब मांडला पाहिजे.