हुनर : चामड्याची कड कशी घोटावी?

मागच्या अंकात घरच्या घरी पाकीट शिवण्याविषयी लिहिले होते. त्यावर अकोला आणि अमरावतीच्या भगिनींकडून बहुतेक एकच प्रश्न आला : टाके नीट येतात, पण दोन महिन्यांत कड फुलते, वरचा रंग पापुद्र्यासारखा निघतो, काय करावे? शिवणकामाला जोड म्हणून पाकिटे, पट्टे करणाऱ्या घरासाठी हा प्रश्न लहान नाही. गिऱ्हाईक वस्तू हातात घेताच कडेवरून अंगठा फिरवते आणि भाव तिथेच ठरतो.

उपाय करण्याआधी चामडे ओळखा. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेले चामडे थोडे ताठ असते. पाण्याचा थेंब टाकला की तो शोषला जाऊन तिथे गडद डाग दिसतो, नख दाबले तर वळ उमटतो. कोल्हापुरी चप्पल याच जातीची. तिला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. जुन्या कोल्हापुरीच्या तळव्याची कड निरखून पाहा, पुढचे सगळे लवकर समजेल.

दुसरे क्रोमने कमावलेले. बाजारातले बहुतेक मऊ चामडे हेच. कापल्यावर आत अनेकदा निळसर-राखी झाक दिसते. तिसरे रेक्झिन. त्याच्या कडेला कापडाचे धागे दिसतात. घोटून चमकते ती फक्त पहिल्या जातीची कड. क्रोमचे तंतू दाबले तरी पुन्हा उभे राहतात, म्हणून त्याला कडेचा खास रंग लागतो. घोटायच्या कडेला रंग आणि रंगवायच्या कडेला पाणी-मेण, असा घोळ झाला की कड बिघडलीच म्हणून समजा.

हत्यारे फार लागत नाहीत. धारदार रापी, पॉलिश पेपर (२२०, ४०० आणि ६०० नंबरचा), जुन्या जीन्सचा तुकडा आणि लाकडाची घोटणी. घोटणी विकत मिळते; नाहीतर खरादीवाल्याकडून शिसवासारख्या टणक लाकडाच्या दांड्याला चामड्याच्या जाडीएवढी खाच पाडून घ्या. खाच आतून गुळगुळीत हवी, नाहीतर कडेवर ओरखडे उमटतात.

कडेला लावायचा डिंक तर आपल्याच घरात असतो. उन्हाळ्यात आणि रमजानमध्ये शरबतात घालतो तो गोंद कतीरा. परदेशातले कारागीर याच कामाला इराण-तुर्कस्तानकडच्या झुडपाचा डिंक वापरतात. आपल्याकडे त्या नावाने पुष्कळदा सातपुड्यासारख्या कोरड्या जंगलातल्या कुलूच्या झाडाचा डिंक मिळतो, आणि तोही चालतो. अर्धा चमचा डिंक कपभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा. दोन-तीन दिवसांत आंबतो, म्हणून थोडाच करा, आणि कामाचे भांडे स्वयंपाकघरापासून वेगळे ठेवा. लाडवाचा डिंक इथे नको. तो चिकट राहतो आणि वाळला की कडक होऊन तडकतो.

आता क्रम. शिवण पूर्ण झाल्यावर दोन्ही थर रापीने एकसारखे कापा. २२० च्या कागदाने कड सपाट करा. वरची आणि खालची टोकदार धार हलकेच तासून गोल करा. हत्यार नसेल तर दुमडलेला कागद पुरतो. मग ४०० आणि ६०० नंबर फिरवा. रंग द्यायचा असेल तर आत मुरणारा चामड्याचा रंग याच वेळी द्या. तो वाळल्यावर बोटाने डिंकाचा पातळ हात द्या; वरच्या बाजूवर सांडू देऊ नका, डाग राहतो. ओल किंचितच हवी. पाणी जास्त झाले की कड अळंबीसारखी पसरते.

अर्धवट ओली असतानाच घोटणी फिरवा. आधी हलक्या हाताने, मग भराभर. घासण्याने ऊब येते, तंतू निजतात आणि कड काचेसारखी दिसू लागते. दोन-तीन वेळा असे करा. शेवटी मधमाशीचे मेण कडेवर ओढून जीन्सच्या तुकड्याने घासा. मेण आधी लावू नका. मग डिंक आत जात नाही. थरही पातळच हवा. मेण ६२ अंशांच्या आसपास वितळते, पण त्याआधीच मऊ पडते. अकोल्याच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेल्या पाकिटाला जाड थर असेल तर धूळ चिकटणारच.

क्रोमच्या कडेला रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या आणि मधे ६०० चा कागद फिरवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे काम फजरनंतर सकाळीच उरका. दुपारी रंग ब्रशवरच सुकतो. घोटलेली कड पावसाने उठली तर पुन्हा घोटता येते. रंग निघाला तर मात्र खरवडून पहिल्यापासून सुरुवात.

एक गोष्ट मालाच्या नावाची. जाड रंगाखाली कापडाची कड झाकता येते, म्हणून काही जण रेक्झिन चामड्याच्या भावाने विकतात. आपण तसे करू नये. रेक्झिन असेल तर रेक्झिन सांगावे, भावही तसाच घ्यावा. आणि चामडे खरे असेल तर कड उघडी ठेवून घोटावी. गिऱ्हाइकाला काय विकत घेतोय ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, तुम्हाला वेगळी खात्री द्यावी लागत नाही.

आधी कातरणाच्या चार तुकड्यांवर हात बसवा, मगच ऑर्डरच्या मालाला लावा. पुढच्या अंकात पट्ट्याला बक्कल बसवणे, इन्शाअल्लाह.